पुण्याला मी साउथची, चेन्नईला मी वारलीवाली. फ्रीलान्सरने करायचं काय?

तंजावरची_रेघ
नमस्कार मंडळी. मी इलस्ट्रेटर, चेन्नईत मैलापूरला असते. घर मूळचं तंजावरचं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबं कावेरीकाठी गेली आणि तिथलीच झाली, त्यांतलं एक. नावापुढे सगळे 'राव', घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी मी पुण्यात कॉलेजात असताना शिकले, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर झालं असं. पुण्याच्या एका प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकासाठी सणाच्या दिवशीचं मराठी घर हवं होतं. मी आजीचं घर काढलं, मला तेच माहीत आहे. नऊवारी आहे, कासोटा आहे, पण साडी कांजीवरम. नथ नाही, दोन्ही नाकपुड्यांवर खड्यांच्या चमक्या. दारात ठिपक्यांना वळसे घालत जाणारं कोलम, पानात डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. उत्तर आलं, "मस्त! पण साउथ इंडियन वाटतंय. जरा मराठी करा ना." मग नथ चढवली, कोलम पुसलं, डांगर काढून पुरणपोळी वाढली. चित्र लगेच पास. त्यात आमच्या घरातलं काही म्हणता काही उरलं नव्हतं.

इकडे चेन्नईत एका कॅफेची भिंत रंगवायची होती. मालक म्हणाला, "तुम्ही मराठी ना? मग वारली करा." अहो, वारली डहाणू-पालघरकडच्या वारली लोकांची. आमच्या सात पिढ्यांत तिकडे कोणी फिरकलेलं नाही!

आता स्वतःची एक मालिका सुरू केलीय, तंजावर चित्रांच्या पद्धतीने. फणसाच्या लाकडाची फळी, वर कापड, त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी, मग उठाव, खडे, सोन्याचा वर्ख. फक्त महिरपीत लोणी खाणारा कृष्ण असतो तिथे माझी आत्या बसलीय, मांडीवर कॉफीचा फिल्टर घेऊन. ही शैली फुलली मराठा दरबाराच्या आश्रयाने, हात राजू आणि नायडू कारागिरांचे. म्हणून मला ती जवळची वाटते.

विचारायचं हे की, वेबसाइटवर स्वतःबद्दल काय लिहू? 'मराठी' लिहिलं की एक अपेक्षा, 'तमिळनाडू' लिहिलं की दुसरी. आणि या फळ्यांचे प्रिंट विकावेत का?

कसबा_पेठी
ओळखीचं नंतर बघू, आधी करार दाखव. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचलंयस का? कोणी पैसे देऊन रंगचित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो, तू नाहीस. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. हे दोन्ही कागदावर आण.

दुसरं, रफ स्केचसोबत संदर्भाचे फोटो पाठवत जा. आजीचा फोटो, दारातल्या कोलमचा फोटो. त्यावर होकार आल्यावर 'जरा मराठी करा' म्हणाले तर ती दुरुस्ती नव्हे, नवीन काम आहे. त्याचं वेगळं बिल. संपादकाला तंजावर माहीत नसणं हा काही गुन्हा नाही, पण त्याची शिकवणी तू फुकट का घ्यायची?

प्रिंटचं म्हणशील तर वर्खाचं चित्र स्कॅनरवर ठेवू नकोस. सोनं मातकट तपकिरी येतं, काही ठिकाणी चक्क काळं. दिवा तिरका लावून कॅमेऱ्याने फोटो घे आणि सोन्याच्या भागासाठी वेगळी फॉइल मारून घे. महाग पडतं, म्हणून थोड्याच प्रती काढ आणि नंबर घालून सही कर.

अश्दोदची_लेक
ताई, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं. इथे इस्राएलमध्ये सिरॅमिक करते. मला गिऱ्हाईक विचारतं, "भारतीय ना, मग हत्ती का नाही?" मी मालिद्याचं ताट करते. गोड पोहे, खोबरं, फळं, मधोमध गुलाब. एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने आमच्यात हे ताट लागतं. लोक आधी बुचकळ्यात पडतात, मग विकत घेतात.

तुला एक दाखला देते. 1874 साली पुण्यात आमच्या लोकांसाठी हग्गादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, छापली, हिब्रू आणि मराठी एकत्र. तिच्यातल्या चित्रात पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरीची तयारी दाखवलीय आणि त्यातल्या बायका साड्या नेसलेल्या! चित्रकाराने खाली खुलासा वगैरे काही दिला नाही. तूही वेबसाइटवर वंशावळ मांडू नकोस. आत्याचं चित्र सर्वांत वर लाव आणि खाली 'तंजावर' एवढंच लिही.

बेळगावी_ब्रश
माझं मत थोडं वेगळं आहे. मी बोर्ड रंगवणाऱ्याच्या घरातला, मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं काढतो. एकदा 'दोन भाषांचा आर्टिस्ट' म्हणून नाव झालं आणि आता फोन येतात ते 27 फेब्रुवारीला आणि 1 नोव्हेंबरला. मराठी दिनाला एक पोस्टर, राज्योत्सवाला एक बॅनर, मधले महिने कोणी विचारत नाही. तुम्ही आत्याची मालिका जरूर करा, पण पोटापाण्याची कामं, म्हणजे पाठ्यपुस्तकं, औषधाची पाकिटं, हॉटेलचे मेन्यू, ती वेगळ्या पानावर ठेवा. रोजच्या कामाला तुमचं गाव लागत नाही. उलट गाव दिसलं की लोक बजेट 'कल्चरल' करतात, म्हणजे निम्मं.

तंजावरची_रेघ
@बेळगावी_ब्रश, निम्मं बजेट! हसले, पण खरं आहे. दोन पानं वेगळी करतेय.

@कसबा_पेठी, कलम 17 माहीत नव्हतं, धन्यवाद. पुढच्या कामापासून लेखी.

@अश्दोदची_लेक, तुझी हग्गादा वाचून आमचे तंजावरचे राजे दुसरे सरफोजी आठवले. त्यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार, भाषा मराठी आणि विषय काय, तर जगाचा भूगोल! आणि त्यांच्याच काळात, 1803 साली, भोसल्यांचा इतिहास तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरला, चोळांच्या देवळात. त्या माणसाला कोणी 'जरा मराठी करा' म्हणालं असेल असं वाटत नाही. पुढची फळी कुरवंजीवर करणार, नकाशा हातात धरलेली कुरत्ती, म्हणजे त्या नाटकातली भविष्य सांगणारी बाई.

फॉइलसाठी शिवकाशीच्या छापखान्यांत विचारलं. काम चोख आहे, पण पाचशेच्या खाली हात लावत नाहीत. आत्याच्या पाचशे प्रती खुद्द आत्यासुद्धा घेणार नाही. कोल्हापूर-सांगलीकडे कोणी पन्नासेक प्रतींना फॉइल मारून देत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.