'रॅप्सडी' म्हणजे रागमाला की वाकळ?

पाचगणीचा पाऊस:
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बोहेमियन रॅप्सडी'तल्या (१९७५) शब्दांना मराठी अर्थ लावायचं काम चाललंय. गाण्याची गोष्ट काय, हा प्रश्न नाही. त्यावर पन्नास वर्षं भांडणं चालू आहेत आणि ते लिहिणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीनं स्वतः कधी उलगडा केला नाही. हवेत ते सुटे शब्द. शीर्षकातले दोन, आणि मधल्या ऑपेराच्या ढंगाच्या भागातले हे: स्कारामूश, फॅन्डँगो, सिल्युएटो, गॅलिलिओ, फिगारो, मॅग्निफिको, बिस्मिल्ला, मामा मिया, बीएल्झबब. कोशात अर्थ सापडतात, पण मराठीत आणून ठेवले की शब्दांचा जीव जातो. शीर्षक सध्या 'मुक्त रागमाला' केलंय. चालेल का?

मेणवली:
'रागमाला' नको. रागमालेत राग बदलतात, ताल तोच राहतो. एका दोऱ्यात ओवलेली फुलं. इथं लय, ठेका, गाण्याची जातच बदलते. घड्याळ लावून बघा. पहिली सुमारे ४९ सेकंद गळ्यांचा मेळ, मग २:३७ पर्यंत पियानोवरचं संथ गाणं, ३:०५ पर्यंत गिटार, ४:०७ पर्यंत ऑपेरा, ४:५४ पर्यंत दणदणीत रॉक आणि ५:५५ ला शेवट. सहा तुकडे, आणि ध्रुवपद एकही नाही.

आता मूळ शब्द. ग्रीकमध्ये 'ऱ्हाप्तेइन' म्हणजे शिवणं आणि 'ओइदे' म्हणजे गाणं. होमरची काव्यं गाऊन दाखवणाऱ्याला 'ऱ्हाप्सोदोस' म्हणत, म्हणजे गाणी शिवणारा. त्यांच्या हातात काठी असायची, म्हणून जुन्या काळी काहींनी हा शब्द 'ऱ्हाब्दोस' म्हणजे काठी यावरूनही काढला होता. आज शिवण्याचाच अर्थ धरतात. तेव्हा मराठीत सरळ 'वाकळ'. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे वेगवेगळे पदर एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं गाठलेले. तुकडा कुठं संपला ते दिसतं, तरी पांघरूण एकच.

कृष्णाकाठ:
वाकळ! काय राव, रॉक गाण्याला वाकळ. पण पटलं.

पाचगणीचा पाऊस:
वाकळ पुण्या-मुंबईकडे किती जणांना कळेल? तिकडं गोधडी म्हणतात.

मेणवली:
कळत नसेल तर विचारतील. गोधडी म्हटलं की आता प्रदर्शनात टांगलेली, रंगसंगती जुळवलेली वस्तू डोळ्यांपुढं येते. वाकळीत जे हाताला लागेल ते जातं. या गाण्यातही तसंच झालंय.

स्पूलवाला:
मेणवलीकर म्हणतात ती शिवण नुसती उपमा नाही. गाणं खरोखर तुकड्यांत ध्वनिमुद्रित झालं आणि टेप पातीनं कापून, चिकटपट्टीनं जोडून सांधलं गेलं. काम ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं. निर्माता रॉय थॉमस बेकर.

शब्दार्थाशी याचा संबंध असा. त्यांच्याकडे २४ ट्रॅकची, म्हणजे २४ आवाज वेगवेगळे टिपणारी टेप होती आणि ऑपेरातला जमाव होते बँडमधले तिघंच: मधला गळा फ्रेडीचा, खालचा ब्रायन मेचा, वरचा रॉजर टेलरचा. तिघांनी एक ओळ काही ट्रॅकवर गायची, तीच पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर, मग सगळं मिसळून एकदोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं. असे थर १८० पर्यंत गेल्याचं सांगतात. ऑपेराच्या एका मिनिटाला तीन आठवडे लागले. प्रत्येक उतरवणीत सूं असा आवाज वाढतो आणि वरच्या पट्टीतली धार कमी होते. शिवाय तीच टेप यंत्राच्या हेडवरून शेकडो वेळा गेली की वरचा लेप झिजतो. ही टेप झिजून आरपार दिसायला लागली होती.

वरची पट्टी गेली की आधी जातात स, श, फ, त ही व्यंजनं. स्वर टिकतात. म्हणून या भागातले शब्द चुकीचे ऐकू येतात. अर्थ लावण्याआधी उच्चार नक्की करा. हेडफोन लावा, पुढं एकेक बाजू बंद करून ऐका. गॅलिलिओच्या हाका डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेल्या आहेत, एक उंच आणि एक खालची. मोबाइलच्या एका स्पीकरवर दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि भलतंच ऐकू येतं.

कृष्णाकाठ:
भलतंच म्हणजे काय, सुरुवातीला तो मामाला हाक मारतो असंच बऱ्याच जणांना वाटतं.

पाचगणीचा पाऊस:
हो, देवनागरीत 'मामा' लिहिलं की सगळा घोटाळा. कुणाला तरी मारून आलेला पोरगा आईपुढं कबुली देतोय, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं फेटेवाला मामा.

मेणवली:
त्या ठिकाणी सरळ 'आई' करा. ऑपेरातला 'मामा मिया' मात्र वेगळा. तो इटालियन उद्गार. शब्दशः 'माझी आई', पण तिथं कुणी आईला बोलवत नाही. आपल्याकडं ठेच लागल्यावर 'आई गं!' निघतं तसंच. आश्चर्याची छटा हवी असेल तर 'आयला!'. तेही मुळात आईवरूनच आलंय, आणि आता त्यात आई उरलेली नाही. म्हणजे एकाच गाण्यात आई दोनदा आहे. एकदा खरी, एकदा उद्गारातली. मराठीत दोन्हीकडं 'आई' ठेवलीत तर हा फरक पुसला जाईल.

झीलकरी:
आता सोंगाकडं वळू. स्कारामूश हा इटलीतल्या मुखवट्यांच्या रस्त्यावरच्या नाटकातला, कोमेदिया देल आर्तेतला ठरलेला गडी. इटालियन 'स्कारामुच्चा' म्हणजे चकमक. इंग्रजीतला 'स्कर्मिश' याच कुळातला. काळा पोशाख, कधी हातात गिटार, तोंडानं लढाया जिंकणारा आणि काठी उगारली की पळणारा. सतराव्या शतकात तिबेरिओ फिओरिल्ली या नटानं पॅरिसमध्ये तो गाजवला.

बरेच जण इथं 'सोंगाड्या' टाकतील. टाकू नका. तमाशातला सोंगाड्या हजरजबाबी असतो, बतावणीत राजालाही गुंडाळतो आणि शेवटी त्याचंच खरं होतं. स्कारामूश मार खातो. 'तोंडपाटील' जवळचा. 'मॅग्निफिको'ही याच मांडवातला. व्हेनिसच्या सरदारांना तसं म्हणत, आणि कोमेदियात म्हाताऱ्या कंजूष पान्तालोनेचं दुसरं नाव तेच. या दोन नावांवरून ऑपेराच्या भागाचा मांडव कळतो. दरबारी थाट दाखवायचा आणि त्याचीच टर उडवायची.

फॅन्डँगो स्पेनचा. जोडीनं नाचायचा, गिटार आणि हातातल्या चिपळ्यांसारख्या लाकडी वाट्या, चाल तीनाची. गाण्यातला हा भाग चाराच्या ठेक्यात आहे. म्हणजे इटलीच्या भित्र्याला स्पेनचा नाच करायला सांगितलंय आणि ठेका त्या नाचाचा दिलेलाच नाही. अर्थ शोधायचा तर या विसंगतीत शोधा.

पाचगणीचा पाऊस:
सिल्युएटोचं काय? इटालियन कोशात सापडत नाही.

झीलकरी:
कारण असा शब्दच नाही. एत्यें द सिल्युएत हा फ्रान्सचा अर्थमंत्री. १७५९ साली काही महिने गादीवर होता, काटकसरीपायी लोकांनी त्याचं नाव स्वस्त मालाला लावलं, आणि काळ्या कागदाच्या स्वस्त छायाकृतींना ते चिकटलं. शब्द फ्रेंच. फ्रेडीनं नुसता 'ओ' लावून त्याला इटालियन केला.

कृष्णाकाठ:
आपल्याकडं 'ओ' लावला की मालवणी होतं. घोडो, सावळो.

झीलकरी:
थट्टेत बोललात, पण मुद्दा तोच आहे. सिल्युएटो, फॅन्डँगो, गॅलिलिओ, फिगारो, मॅग्निफिको. पाचही 'ओ'वर संपतात. आधी यमक ठरलं आणि त्यात बसतील ते शब्द ओढून आणले. इथं प्रत्येक शब्दामागं गुपित शोधणाऱ्यांनी सांगलीच्या रंगभूमीचा आरंभ आठवावा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्या वळणाच्या नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' करत यायचे, इतके की त्या नाटकांना अललडुर्र नाटकंच म्हणू लागले. 'अलल' म्हणजे काय, असं कुणी कोशात बघत नाही. त्याचं काम अंगावर काटा आणणं. पोवाड्यातल्या 'जी जी'चंही तेच. गॅलिलिओच्या हाका ही झील आहे.

रांगणा:
एवढ्यावर गॅलिलिओला सोडता येत नाही. ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी होता. अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्यानं २००७ मध्ये पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर. त्याच्यासाठी ही हाक, असं अनेक चाहते मानतात. आणि यमकवाल्यांनी हेही बघावं की गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गालिलेई हे ल्यूट या तारवाद्याचे वादक आणि संगीताचे अभ्यासक होते. फ्लॉरेन्सच्या ज्या मंडळींच्या चर्चेतून पुढं ऑपेरा जन्माला आला, त्यांत ते होते. खोट्या ऑपेरात गॅलिलिओचं नाव येणं हा नुसता योगायोग कसा?

झीलकरी:
योगायोगच. वडिलांसाठी हाक असती तर विन्चेन्झो आलं असतं. तेही 'ओ'वर संपतं, यमकात बसलं असतं.

रांगणा:
हे मान्य. मेसाठीची थट्टा मात्र शक्य आहे, तेवढी राहू द्या.

मेणवली:
फिगारो पटकन उरकू. सेव्हिलचा चतुर न्हावी. मोझार्टच्या १७८६ च्या आणि रॉसिनीच्या १८१६ च्या ऑपेरातला. सोंगाड्याची जागा खरं तर याची.

मिरज जंक्शन:
बिस्मिल्ला कुणी घेतला नाही अजून. अरबीत बि + इस्म + अल्लाह, 'अल्लाच्या नावानं'. मराठीत शब्द आहेच, पण अर्थ सरकलाय. 'बिस्मिल्ला करणे' म्हणजे सुरुवात करणे, श्रीगणेशा करणे. गाण्यात सुरुवातीचा काहीही संबंध नाही. तिथं पोराला सोडा-सोडू नका अशी दोन बाजूंची ओढाताण चाललीय आणि हा शब्द शपथेसारखा आदळतो. तळटीप न देता छापलात तर मराठी वाचक 'चला, सुरू करा' असं वाचेल.

यात आणखी एक पदर. जनावर कापताना हे शब्द म्हणतात, त्यावरून फारसीत 'बिस्मिल' म्हणजे कापलेला, घायाळ. उर्दू शायरीतला बिस्मिल तोच. खून करून आलेला, स्वतः फासाकडं निघालेला पोरगा, आणि त्याच्यावर हा शब्द. फ्रेडीच्या डोक्यात हे होतं असा दावा नाही. मराठीत वाचताना मात्र हा अर्थ डोकावतो.

पाचगणीचा पाऊस:
फ्रेडी तर पारशी. मग हा शब्द आला कुठून?

मिरज जंक्शन:
जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. तिथं सुलतानाचं राज्य, वस्ती बहुतेक मुसलमान. आठव्या वर्षी शिकायला तुमच्याच पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये. पहिला बँड, हेक्टिक्स, तिथंच. झांझिबार काय, सातारा जिल्हा काय, हा शब्द कानावर पडायला धर्म बदलावा लागत नाही. इराणमध्ये २००४ साली क्वीनच्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे निघाली, तिच्यासोबतच्या फारसी पत्रकात अर्थ असा लावला होता: पोरानं आत्मा सैतानाला विकलाय, फाशीच्या आदल्या रात्री तो 'बिस्मिल्ला' म्हणतो आणि आत्मा परत मिळवतो. तिथल्या वाचकाला हा शब्द सुटकेचा वाटणं साहजिक.

मेणवली:
'बोहेमियन'ही घ्या. बोहेमिया हा आजच्या चेक देशातला प्रांत. फ्रान्समध्ये रोमा भटक्यांना तिथले समजून 'बोएमियें' म्हणत. रोमा मुळात भारतातून गेलेले, म्हणजे नाव पहिल्यापासून चुकीचं. पुढं एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या फाटक्या खिशाच्या चित्रकार-लेखकांना तेच चिकटलं. मराठीत याच वाटेनं आलेला शब्द 'कलंदर'. आधी भटका सूफी, मग कुणाची पर्वा नसलेला कलावंत. 'मुक्त' काढा. कलंदराची वाकळ.

पाचगणीचा पाऊस:
घेतलं. आता राहिला बीएल्झबब. 'सैतान' करू का?

रांगणा:
सैतान त्याच ओळीत वेगळा आहे. बीएल्झबब पोरासाठी एक सैतान राखून ठेवतोय. म्हणजे हा वरचा, सैतान वाटणारा. हिब्रूत 'बाल झबूब', माशांचा धनी. मुळात एक्रोन गावचा देव. अनेक अभ्यासकांच्या मते खरं नाव 'बाल झबूल', म्हणजे उच्चपदीचा धनी, आणि शेजाऱ्यांनी टिंगल म्हणून एका अक्षरानं त्याला माशांत बसवलं. पुढं तो भुतांचा राजा झाला.

कृष्णाकाठ:
भुतांचा राजा म्हणजे आपला वेताळ की!

रांगणा:
काम तेच. एकाच्या गावचा देव, दुसऱ्याच्या पुस्तकात भुतांचा म्होरक्या. तरी वेताळ लिहू नका. आपल्या गावांत वेताळाला अजून नारळ फुटतो. तो पोराला धरायला नाही, राखायला येईल, आणि ओळ उलटी होईल.

पाचगणीचा पाऊस:
मग 'माशांचा धनी' असंच ठेवतो.

स्पूलवाला:
ठेवा. पण आधी 'मासे' की 'माश्या' ते ठरवा. 'माशांचा' असं लिहिलंत तर सांगली-मिरजेत कृष्णेतले मासे वाचतील.

पाचगणीचा पाऊस:
माश्यांचा. य जोडला.