पेसमेकरचा ‘स्पाइक’ आणि ‘कॅप्चर’ मराठीत कसे सांगावेत?

कोरी पाटी
पेसमेकर बसवलेल्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. मुद्दा असा, की ईसीजीत स्पाइक, म्हणजे पेसमेकरच्या स्पंदाची बारीक रेघ, दिसतो, पण त्यामागून हृदयाचं आकुंचन होत नाही. याला ‘फेल्युअर टू कॅप्चर’ म्हणतात. मी लिहिलं, ‘पेसमेकरने झटका दिला, पण हृदयाने तो पकडला नाही.’ आईला स्वतःला पेसमेकर आहे. ती वाचून घाबरली, म्हणाली, “म्हणजे अ‍ॅटॅक येऊन गेला?” काय लिहू?

सरळरेघ
‘झटका’ आधी काढा. हृदयाच्या जोडीला झटका आला की मराठी माणूस एकच अर्थ घेतो. शिवाय आयसीडी हे वेगळं यंत्र खरोखरच शॉक देतं, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा लागेल. पेसमेकरचा विद्युत्स्पंद काही व्होल्टचा, तोही एका मिलिसेकंदाच्या आसपास; बहुतेकांना जाणवतसुद्धा नाही. मी ईसीजी काढतो. पेशंटला पट्टीवर बोट ठेवून सांगतो: ही बारीक उभी रेघ यंत्राची, तिला लागून आलेली रुंद लाट तुमच्या हृदयाची. नुसती रेघ आली आणि लाट आली नाही, तर यंत्रापासून हृदयापर्यंत गेलेली तार हललीय का, बॅटरी उतरलीय का, हे बघावं लागतं.

गावशीव
‘उभी रेघ’ फार ढोबळ आहे. ‘शूल’ का नको? टोकदार, छोटा, संस्कृतातून आलेला. आणि ईसीजीऐवजी ‘हृदयालेख’ लिहा. ‘लिख्’चा मूळ अर्थच ओरखडणे, पट्टीवर तेच तर होतं.

कोरी पाटी
शूल म्हणजे कळ! ‘हृद्‌शूल’ वाचून आई पुन्हा छातीला हात लावेल.

तिसरा प्रहर
ईसीजीचा जनक आइंटहोवन याने त्यातल्या लाटांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आपण शंभरावर वर्षं तशीच वापरतोय, कोणाचं अडलं नाही. स्पाइकही राहू द्या. ‘कॅप्चर’ला मात्र ‘झेलणे’ छान बसेल: ‘हृदयाने स्पंद झेलला नाही.’

गावशीव
‘झेलला नाही’ म्हटलं की दोष हृदयाच्या माथी जातो. तार सरकली असेल तर हृदयाचा काय गुन्हा? आणि अक्षरं वेगळी, शब्द वेगळे. आज स्पाइक सोडला की उद्या अख्खं वाक्य इंग्रजी होतं.

सरळरेघ
पत्रकात एक गोष्ट जरूर घाला. रेघ दिसली नाही म्हणजे पेसमेकर बंद पडला असं नाही. बायपोलर, म्हणजे दोन्ही ध्रुव टोकाजवळच असलेल्या, तारेची रेघ इतकी लहान असते की पट्टीवर हरवते. आणि हृदय स्वतःच्या बळावर पुरेसं चालत असेल तर यंत्र गप्प बसतं, ते त्याचं कामच आहे.

अंबाडी
आमच्या काकांच्या ईसीजीवर मशीनने ‘जुना हार्ट अ‍ॅटॅक’ छापलं होतं. सगळं घर रात्री दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, तार उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यात, असल्यामुळे विद्युत्लहर वेगळ्या वाटेने जाते, लाटा रुंद येतात, मशीन फसतं. मग पेसमेकरवाल्याला खरंच अ‍ॅटॅक आला तर ओळखायचा कसा?

सरळरेघ
अवघड असतं, म्हणून छातीत दुखलं तर छापील निदानावर कोणी विसंबू नये. पेसमेकरच्या ठोक्यात मुख्य लाट खाली गेली तर तिच्यामागचा एसटीचा, म्हणजे एस आणि टी यांच्यामधला, भाग वर उचललेला असणं अपेक्षितच. याला ‘डिस्कॉर्डंट’ म्हणतात. दोन्ही वर असतील आणि एसटी 1 मिमी किंवा जास्त उचलला असेल, तर तो ‘कॉन्कॉर्डंट’, आणि तिथे कान टवकारायचे. डिस्कॉर्डंट असूनही 5 मिमी किंवा त्याहून वर गेला तरी शंका घ्यायची.

तिसरा प्रहर
संवादी आणि विवादी! रागसंगीतात शब्द तयार आहेत.

सरळरेघ
नको, उलटा अर्थ लागेल. विवादी म्हणजे टाळायचा स्वर. इथे विरुद्ध दिशा हीच नेहमीची आणि एकदिशा धोक्याची. ‘संवादी’ वाचून शिकाऊ डॉक्टर निर्धास्त होईल.

गावशीव
विवादी स्वरही जाणकार गवई रागाची शोभा वाढवायला लावतात, तो सरसकट वर्ज्य नसतो. त्यामुळे शब्द चालेल.

तिसरा प्रहर
लावतात, पण क्वचित, ओझरता. इथे तो दर ठोक्याला येतोय!

कोरी पाटी
‘एकदिशा’ आणि ‘विरुद्धदिशा’ घेते. पण कॅप्चर? पत्रक शुक्रवारी छापायला जातंय.

अंबाडी
‘हृदयाने स्पंदाला साद दिली नाही’?

गावशीव
साद घालतात, प्रतिसाद देतात.