रिकॉलचा खर्च लहान पुरवठादारावर कितपत येऊ शकतो?

प्रश्न : लघुउद्योजक, कुपवाड

कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचे लहान मशिन शॉप आहे. चाकणच्या एका मोठ्या पुरवठादाराकडून येणाऱ्या फोर्जिंगवर (तापवून ठोकून घडवलेल्या कच्च्या भागांवर) आम्ही मशिनिंग करतो, मिरजेतील एका युनिटकडून हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कठीण करणे) करून घेतो आणि स्टीअरिंगच्या जोडणीत बसणारा तयार भाग त्यांना परत पाठवतो. यंदाच्या करारात एक नवे कलम आले आहे. भागातील दोषामुळे वाहने परत बोलवावी लागल्यास त्याचा सर्व खर्च, दंड आणि ग्राहकांशी केलेल्या तडजोडींच्या रकमा आम्ही भरून द्यायच्या, आणि दोषाच्या कारणाबाबत खरेदीदाराचा, म्हणजे चाकणच्या पुरवठादाराचा, निर्णय अंतिम राहील, असा त्याचा आशय आहे. आम्हाला नगामागे मिळणारी मजुरी पाहता एका रिकॉलमध्ये शॉप विकावे लागेल. अशा कलमाची प्रत्यक्षात अंमलबजावणी कशी होते, आणि त्यात बदल मागता येतो का?

उत्तर १ : निवृत्त गुणवत्ता अभियंता, सातारा

कलमाच्या भाषेविषयी जाणकार लिहितीलच, पण रकमेचा आकडा ठरतो तो नोंदींवरून. दोष सापडल्यावर वाहन कंपनी प्रथम हे शोधते की तो भाग कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या गाड्यांत बसला. जुलै २०२३ मध्ये मारुतीने स्टीअरिंगच्या टाय रॉडमधील संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो आणि ईको या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळातील ८७,५९९ वाहने त्यात आली. पुरवठादाराकडे हीट नंबर (पोलादाच्या एका ओताचा क्रमांक), भट्टीचा चार्ज (एका वेळी भट्टीत घातलेला माल) आणि पाठवणीचे चलन यांची साखळी शाबूत असेल, तर एखाद्या चार्जपुरताच दोष असल्याचे दाखवता येते आणि वाहनांची संख्या काही शेकड्यांवर येऊ शकते. साखळी तुटलेली असेल, तर कंपनी सावधगिरी म्हणून पूर्ण कालावधीच धरते, आणि तसे करणे चुकीचेही म्हणता येत नाही. मिरजेच्या युनिटकडून येणाऱ्या हार्डनेस (कठीणपणा) अहवालावर आपला लॉट (मालाच्या एका खेपेचा) क्रमांक असतो का, हे आजच पाहावे. बहुतेक ठिकाणी तो नसतो.

उत्तर २ : वकील, सांगली

दोन वेगळ्या जबाबदाऱ्या एकत्र करू नयेत. शासनाला आणि ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी वाहन उत्पादकाची आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ प्रमाणे दोष एखाद्या सुट्या भागात असला, तरी तो भाग असलेली सर्व वाहने परत बोलावण्याचा आदेश उत्पादकालाच दिला जातो. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर त्याला दंड होत नाही. म्हणजे दंड होतो तो मुख्यतः त्याच्या गप्प बसण्यामुळे, आणि म्हणून आपल्या करारातील ‘दंड’ हा शब्द काढून टाकण्याची मागणी पूर्णपणे रास्त आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन निर्माता’ या व्याख्येत सुटे भाग बनवणाराही येतो. त्यामुळे कोणाला इजा झाल्यास आपले नाव तक्रारीत येणारच नाही, असे समजू नये.

तडजोडीच्या रकमांबाबत भारतीय करार कायद्याचे कलम १२५ वाचावे. हमी लिहून घेणारा (इथे खरेदीदार) तडजोडीची रक्कम वसूल करू शकतो, पण ती तडजोड हमीदाराच्या (इथे आपल्या) सूचनेविरुद्ध नसावी आणि हमी नसती तरीही शहाणपणाची ठरली असती अशी असावी, किंवा हमीदाराने तिला अधिकार दिलेला असावा. हे संरक्षण करारातच लिहून घ्यावे : आम्हाला लेखी कळवल्याशिवाय तडजोड करू नये, दोषाचे कारण दोघांनी मिळून किंवा तटस्थ प्रयोगशाळेने ठरवावे, आणि एकूण दायित्वाला वार्षिक देयकाच्या प्रमाणात मर्यादा असावी.

मर्यादेची मागणी खरेदीदाराला पटवताना ताकाता या जपानी एअरबॅग कंपनीचे उदाहरण द्यावे. तिच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे बिघडे, आणि इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुटून धातूचे तुकडे उडत. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत एक अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले, त्यांपैकी ८५ कोटी डॉलर वाहन कंपन्यांसाठी होते. जूनमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. दरम्यान टोयोटा, बीएमडब्ल्यू, माझदा आणि सुबारू यांनी ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात ५५.३ कोटी डॉलरची तडजोड केली होती. पुरवठादार बुडाला की उरलेला बोजा वरच्या कंपन्यांवरच राहतो. उलट एलजीसारखी ऐपत असलेली कंपनी असेल, तर जनरल मोटर्सला बोल्ट या विजेवरील गाडीच्या बॅटऱ्यांसाठी १.९ अब्ज डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. नगावर मजुरी घेणाऱ्या शॉपकडून अमर्याद हमी घेऊन खरेदीदाराच्या हाती कागदाखेरीज काही येत नाही.

उत्तर ३ : विमा सल्लागार, कराड

नेहमीच्या प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसीत इजा आणि मालमत्तेचे नुकसान धरलेले असते. वाहने परत बोलावण्याचा, भाग बदलण्याचा खर्च सहसा वगळलेला असतो. त्यासाठी रिकॉलचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. करारात अमर्याद दायित्व असेल, तर विमा कंपनी ‘करारामुळे ओढवलेले दायित्व’ म्हणून तेवढा भाग नाकारू शकते, म्हणून सही करण्याआधी मसुदा त्यांना दाखवावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. हार्डनेसच्या अहवालावर आमचा लॉट क्रमांक खरोखरच नसतो. मिरजेच्या युनिटकडूनही अशीच हमी लिहून घ्यावी का?

वकील, सांगली : घ्यावी, पण जी मर्यादा आपण वर मागत आहात तीच त्यांना खाली द्यावी. खरेदीदाराने दिलेल्या फोर्जिंगमध्येच दोष निघाल्यास त्याची जबाबदारी आपल्याकडे येणार नाही, हे वाक्यही वरच्या करारात स्वतंत्र लिहून घ्यावे. कच्चा माल त्यांचा आहे.