आधी जेवण, मग नाच: वस्तीतले रविवार आठवतात का?

काल नागपुरात इंदोऱ्याकडून येताना लंबी रोटीच्या चुलीपाशी गाडी थांबवली. मावशीनं सैल कणीक हातांवर झुलवत कोपरापर्यंत नेली आन् उपड्या मडक्यावर टाकली. पाहता पाहता वस्तीतले ते रविवार आठवले, डोळे भरून आले. आमच्या समाजभवनात दर रविवारी पोट्ट्यापोट्टींचा नाच असायचा. कचरा वेचणारे, हॉटेलात कपबशा धुणारे, शाळा अर्ध्यातच सुटलेले. सुरुवातीला तिथल्या ताई नाच झाल्यावर वाढायच्या. एकदा एक पोट्टा फेर धरता धरता मटकन खाली बसला. सकाळपासून पोटात काहीच नव्हतं. तेव्हापासून आधी जेवण. ताई म्हणायच्या, "नुसतं जेवून गेला तरी चालते बाप्पा, पण ये." तसे जेवून जाणारेच पुढं ढोलकीजवळ सरकले. लिहा तुमचंही.

पाचपावलीकर: भरल्या पोटी नाचलं का बाजूत दुखते ना! आमच्याकडे आधी पोहे, तर्री बेतानं. जेवण मागून.

इंद्रावतीकाठची: मी भामरागडची, माडिया आदिवासी. कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा रेला नाच बसवते म्हटलं तर 'जंगली नाच' म्हणून हसले होते. वस्तीत वरणभात झाल्यावर पोरींनी स्वतःहून विचारलं, तुमच्याकडे कसं नाचतात? एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांग धरली. रेल्यात एकीचा पाय चुकला की शेजारचीच सावरून घेते. त्या रात्री होस्टेलात मी पहिल्यांदा न रडता झोपले.

संत्रागल्ली: 'जंगली' म्हणणाऱ्यांना गोटुल, म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींनी जमून नाचायची-गायची जागा, काय ते ठाऊकच नाही. वाईट वाटलं गं वाचून.

खापरी: मावशी कोणत्या चौकात बसते? माझी आई लोकवन गव्हाचीच करायची, कणीक आपटून आपटून हात भरून यायचे तिचे.

मोगरा: मी तृतीयपंथी. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं आमची ओळख मान्य केली. त्याच उन्हाळ्यात मी या रविवारच्या नाचाला गेले. लोक तोवर टाळी वाजवायला बोलवायचे, जेवायला नाही. ताईंनी मला पंगतीच्या मधोमध बसवलं. वाढणारी म्हणाली, "अजून वरण घे ना गं." तो 'गं' ऐकून घास उतरेना. नाचले नंतर, भरपूर नाचले.

पाचपावलीकर: मोगराताई, 🙏 अजून लिहा ना.

मैदानवाला: आमच्याकडं नाच नव्हता, फुटबॉल होता. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल नागपुरातच सुरू केला. पण खेळ झाल्यावर भूक तीच.

संत्रागल्ली: आमच्या रविवारची पोट्टी आता दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भोजनदानाच्या स्टॉलवर वाढतात. लांबून आलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवतात. थांबा, कुकर झाला, येते.

खापरी: मावशीचा पत्ता राहिला ना भाऊ.

धागाकर्ता: कमाल चौकाकडून या, फोन करा, मी घेऊन जातो. मोगराताई, तुम्ही पण चला.

मोगरा: येते. पण जेवण आधी हं.