नोकरी सोडायच्या आधी पावसाळा आणि जीएसटी बघा

नोकरी सोडून घरातूनच जुन्या साड्या नि पितळेची भांडी ऑनलाइन विकायची म्हणताय, करा की, मी फोंड्यात तेच करतेय. पण जीएसटीचं आधी बघा हां. ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर नोंदणीशिवाय ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर विकता येतं खरं, पण राज्यातल्या राज्यात, आणि आपलं गोवा ते केवढंसं, पेडणे ते काणकोण झालं की गिऱ्हाईक संपलं! पुण्या-मुंबईला पार्सल पाठवायचं तर जीएसटी नंबर लागतोच. जुन्या मालाला मार्जिन स्कीम असते, म्हणजे टॅक्स पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर, ते सीएला स्वतःहून विचारा (माझ्या पहिल्या सीएने अवाक्षर काढलं नव्हतं, मी आपली जास्त भरत बसले).

आणि खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर साड्यांना बुरशी, पितळेवर हिरवा थर, एकदा साडीला कुबट वास आला म्हणून बाईंनी परत पाठवली, दोन्हीकडचं कुरिअर माझ्याच बोकांडी. आता माल भरते तो दिवाळीनंतरच, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी लवकर जाऊन.