हॅवलॉक-नीलला जाऊन राहिलो: बेटावर फिरायचं कसं, दिवस कसा लावायचा?

धंतोलीकर:
येत्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून चेन्नईमार्गे अंदमानला जाऊन राहिलो. एकूण ६ रात्री. आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा किलोमीटर चालते). विमानाची तिकिटं झाली, बाकी काहीच ठरलं नाही. बोटी कोणत्या क्रमानं घ्याव्या? बेटावर स्कूटी की ऑटो? मुलीला स्कूबा करता येईल का? घाईघाईत दहा ठिकाणं उरकायची नाहीत, निवांत राहायचं आहे.

सक्करदरा४४:
आधी रात्री वाटून घ्या: पोर्ट ब्लेअर १, हॅवलॉक ३, नील १, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र वाचवायला जाऊ नका. वारा वाढला की बंदरातून बोटी सोडत नाहीत, आणि नीलहून सकाळची बोट पकडून त्याच दिवशीचं विमान गाठायचा बेत तिथंच फसतो. सेल्युलर जेल पहिल्या दिवशी राहिलं, तर या दिवशी होतं.

तिकिटावर नावं वेगळी दिसतील. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं.

खाजगी बोट हॅवलॉकला साधारण दीड तासात पोचवते, सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात. दोन्हींचे धक्के वेगळे आहेत: सरकारी बोट फिनिक्स बे, खाजगी बहुधा हॅडो. रिक्षात बसण्याआधी तिकिटावर धक्का वाचा, चुकीच्या धक्क्यावर पोचून बोट हुकणारे बरेच असतात. सरकारी तिकीट स्वस्त, पण बुकिंग थोडेच दिवस आधी खुलतं. आई बरोबर असताना त्यावर अवलंबून राहू नका, खाजगीच आधी काढून ठेवा. मूळ ओळखपत्र सगळ्यांचं, मुलीचंसुद्धा.

खाजगी बोटी बंद आणि एसी असतात, त्यामुळे मळमळ जास्त होते. खालच्या मजल्यावर मधल्या किंवा मागच्या रांगा घ्या, पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. ओकारीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उलटीबरोबर बाहेर पडते. आईच्या आणि मुलीच्या गोळीचं डॉक्टरांना इथंच विचारून घ्या.

महालवाली:
धंतोलीकर भाऊ, आपण अंबाझरी-फुटाळा तलावांकाठची माणसं, पाणी जागचं हलत नाही अशी सवय. तिथं दिवस दोन गोष्टींवर चालतो: सूर्य आणि भरती-ओहोटी.

नागपूर ७९ रेखांशावर, हॅवलॉक ९३ वर. घड्याळ एकच, पण सूर्य तिथं जवळजवळ ५५ मिनिटं पुढे. जानेवारीत तिकडे पावणेसहाला उजाडतं आणि सव्वापाचच्या आत सूर्य बुडतो. चहा पिऊन पाचला निघू म्हणाल, तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला पोचेपर्यंत अंधार. चारला वाळूवर असायला हवं. राधानगर पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त तिथं. काला पत्थर आणि विजयनगर पूर्वेला, सकाळ तिकडची.

नीलला भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाय ठेवू नका. लक्ष्मणपूर २ किनाऱ्याची दगडी कमान (तिथं हावडा ब्रिज म्हणतात) ओहोटीतच गाठता येते. भरतपूर किनाऱ्याला उलटं: ओहोटीत पाणी इतकं उतरतं की पोहायला जाणारा प्रवाळावर उभा राहतो, पाय कापतो आणि प्रवाळही मोडतो. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही बसतं. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कॅलेंडरवर तिथी बघा: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे जातं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची (छोटी) भरती, तेव्हा फरक कमी. नेमक्या वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यात मिळतात.

कमानीकडचे दगड शेवाळलेले आहेत. आईंना नका नेऊ. तुम्ही टाचेला पट्टा असलेली सँडल घाला, चप्पल नको.

भटका_प्रतापनगर:
वाहनाबद्दल. चौघं एका स्कूटीवर बसत नाहीत, दोन घ्यायच्या तर दोघांचाही मूळ परवाना लागेल. भाडं दिवसाला ५०० ते ७०० च्या आसपास. ताबा घेताना गाडीचे जुने ओरखडे फोनमध्ये टिपा, ब्रेक आणि हेडलाइट तपासा. राधानगरचा रस्ता रात्री काळाकुट्ट असतो. तुमच्यासाठी ऑटोच बरा. धक्क्यापासून राधानगर दहा-बारा किलोमीटर. जाणं, थांबणं आणि परत येणं असं एकत्र भाडं ठरवा, नुसतं जाण्याचं नाही. सूर्यास्तानंतर तिथं रिकामा ऑटो मिळणं कठीण. नील एवढंसं आहे की अर्ध्या दिवसाच्या ऑटोत होतं.

स्कूबाला किमान वय १० वर्षं, मुलीचं नाही होणार. वय वाढवून सांगू नका. तिला स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) द्या. मास्कमध्ये पाणी शिरतं ते बहुतेकदा कडेखाली केस अडकल्यामुळे. केस मागे ओढून मग पट्टा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं धुवायचं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला सकाळच्या पहिल्या बोटींनी जा, दुपारी वाऱ्यानं पाणी ढवळतं आणि तळ दिसत नाही.

तुम्ही दोघं स्कूबा करणार असाल तर हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी उरका. शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत किमान १८ तास जाऊ द्या. सर्दी असेल तर उतरूच नका: नाक दाबून हळू फुंकलं की कानातला दाब सुटायला हवा, सर्दीत तो सुटत नाही आणि पडद्याला इजा होते.

शंख किंवा प्रवाळाचा तुकडा मुलीच्या बॅगेतही नको. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅग स्कॅन होते.

धंतोलीकर:
खूप मदत झाली. आईला एलिफंट बीचला नेता येईल का? आणि पैसे रोख किती ठेवावे?

महालवाली:
एलिफंट बीचला बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, चढताना काठावर पाय टाकावा लागतो. त्यांच्या गुडघ्यांना ते नको. त्या सकाळी एकानं त्यांच्यासोबत काला पत्थरला बसावं, रस्ता अगदी किनाऱ्याला लागून आहे. राधानगरला मात्र नक्की न्या, २०२० पासून ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) किनारा आहे, स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची सोय आहे. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायाला ओडोमॉस लावून द्या.

सक्करदरा४४:
२०२० मध्ये समुद्राखालून केबल आली तेव्हापासून हॅवलॉकला नेट सुधारलं, तरी यूपीआय मध्येच अडकतं. ऑटो, नारळपाणी आणि जेवणाचे पैसे दर दिवसाच्या हिशोबानं रोख ठेवा, आणि नीलला जायच्या आधीच काढून घ्या.