लग्नाचे फोटो एडिट करायला कसे शिकलात? अनुभव सांगा

हौशी१८५५
मामेबहिणीच्या लग्नात हौसेनं कॅमेरा गळ्यात मिरवला, ८०० फोटो काढले आणि गेला महिनाभर लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसमोर डोकं धरून बसलोय. ‘सिनेमॅटिक लुक’ शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत, पण त्यांची पोर्ट्रेटं धुक्यातल्या जंगलात काढलेली. माझ्याकडे ट्यूबलाइटखालचं कार्यालय, हळदीनं माखलेला नवरदेव आणि स्टेजवर जांभळा लाइट. तुम्ही कसे शिकलात, कुठे आपटलात? कोर्सच्या जाहिराती नकोत.

जुनी निगेटिव्ह
आमच्या वेळी एडिटिंग हा शब्द नव्हता, ‘टचिंग’ म्हणायचे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरायचे. सुरकुतीची सावली निगेटिव्हवर पातळ असते. तिथे पेन्सिल लागली की प्रिंटवर तेवढीच रेघ उजळते. जास्त भरलं की गालावर पांढरा डाग! वडिलांनी पहिली दोन वर्षं मला वाया गेलेल्या निगेटिव्हच दिल्या. त्यांचं एकच सांगणं: रेघ हलकी कर, पुसू नकोस, हसण्याची रेघ गेली तर गिऱ्हाईक म्हणेल हा मी नव्हेच. आता मुलगा फोटोशॉपमध्ये ‘डॉज अँड बर्न’ (हवी ती जागा उजळ किंवा गडद करणं) करतो, ते बघून हसू येतं. तेच काम, फक्त चुकलं तर आता मागे येता येतं.

शेवाळी चुडा
आयडीचा इतिहास सांगतो. पहिलं पैसे घेऊन केलेलं लग्न. एका परदेशी फोटोग्राफरचा ‘मूडी’ प्रीसेट (रंगांची आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज) विकत घेतला होता, तो ६४० फोटोंवर एका दमात टाकला. स्क्रीनवर काय दिसत होतं! नवरीच्या आईनं अल्बम उघडला आणि विचारलं, "अहो, चुडा शेवाळला का हो?"

खरंच शेवाळला होता. हे प्रीसेट हिरव्याला पिवळ्याकडे ढकलतात आणि त्यातला जोर काढून घेतात. त्यांच्याकडे हिरवं म्हणजे मागचं गवत, ते दबलं की माणूस उठून दिसतो. आपल्याकडे हिरवं म्हणजे चुडा, आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट. सगळं लग्न पावसाळ्यातल्या भिंतीसारखं दिसत होतं. चार रात्री जागून पुन्हा केलं, पैसे अर्थातच वाढवून मिळाले नाहीत.

त्यानंतर प्रीसेट बंद केले आणि उलटीकडून सुरुवात केली. आधी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं), मग एक्स्पोजर (फोटोचा उजेड), मग चेहऱ्याचा रंग, आणि लुकबिक काय तो सगळ्यात शेवटी. त्यातही एक फजिती. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर मामाच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर टेकवायचो आणि सगळी वऱ्हाडी मंडळी पिवळी व्हायची. टोपीला नीळ घातलेली! डोळ्यांना ती पांढरी दिसते, सॉफ्टवेअरला निळसर, मग ते बिचारं पिवळं ओतून हिशेब जुळवतं. आता खिशात ग्रे कार्ड असतं, ड्रॉपर टेकवायला साधं करडं कार्ड. लाइट बदलला की एक फोटो त्याचा.

रात्रपाळी
मी अल्बम बनवून देणाऱ्या दुकानात सहा वर्षं काढली. तिथे शिकायला मिळतं ते फक्त वेगानं काम करणं. फोटोग्राफर जेपीईजी आणून टाकायचा आणि सोबत चिठ्ठी: ‘नवरी गोरी करणे’. त्यासाठी ऑरेंजचा ल्युमिनन्स (नारिंगी रंगाचा उजळपणा) चढवायचा की झालं. पण त्वचा आणि सोनं दोन्ही त्याच रंगात बसतात, त्यामुळे नवरी उजळते आणि मंगळसूत्र पितळी दिसतं. एका मुलीनं ४० फोटो परत पाठवले होते, "ही कोण?" असं विचारून. सासरच्यांना तेच आवडले होते म्हणे. मालकांनी दोन अल्बम छापले! आता स्वतःचं काम करते. गोरं करून देत नाही, हे आगाऊ रक्कम घेण्याआधीच सांगते. दोन-चार गिऱ्हाइकं जातात, जाऊ देत.

गोंयकार
हळदीचं मी सांगतो. झेंडूची माळ आणि पिवळी साडी यांचा उजेड हनुवटीखाली चढतो, वर गालाला हळद. अख्ख्या फोटोचा पिवळा कमी केलात तर हळदच पुसली जाते. फक्त मान-हनुवटीला मास्क करून (तेवढाच भाग निवडून) तिथला पिवळा थोडा उतरवा, हात आणि गाल तसेच ठेवा. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा हो. १४ बिट रॉमध्ये दर चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपीईजीत २५६. ताणाताणी केली की जेपीईजीत गालावर पट्टे उमटतात.

हौशी१८५५
@गोंयकार, जेपीईजीतच काढलेत. कपाळावर हात.

बारा बाय छत्तीस
छपाईबद्दल कुणीच बोललं नाही. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलं की फोटो छान उजळ वाटतो आणि करिझ्मा अल्बम (पानांवरच फोटो छापलेला डिजिटल अल्बम) छापून येतो काळा. माझे पहिले तीन तसेच गेले. स्क्रीनचा उजेड उतरवा, कॅलिब्रेट करून घ्या (रंग प्रमाणाशी जुळवून), आणि लॅबला विचारून फाइल बहुधा एसआरजीबी या नेहमीच्या रंगसंचातच द्या. अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगसंचातली फाइल न बदलता छापली की राणी रंगाची पैठणी फिकी पडते. १२ × ३६ इंची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० पिक्सेल रुंद लागते, त्यामुळे मोबाइलवर आलेला फोटो दोन पानांवर पसरू नका. आणि अख्खा अल्बम छापायच्या आधी एक छोटी प्रिंट मागवा.

शेवाळी चुडा
@हौशी१८५५, जांभळ्या लाइटचं राहिलंच. तसल्या एलईडीत चेहऱ्यावर हिरवा जवळपास पडतच नाही. जो पडला नाही तो स्लायडरनं कुठून आणणार? असे फोटो मी कृष्णधवल करतो. नवरीकडचे विचारतात, ‘आर्टिस्टिक’ म्हणून सांगतो.

हौशी१८५५
२३ फोटो आत्ताच ‘आर्टिस्टिक’ केले. चुडा तपासला, हिरवा आहे. नवरदेव अजून पिवळाच आहे, पण तो त्या दिवशी होताच.